एक खरी फ्रेम

खरात आमच्या मजल्यावर राहायला आले ते सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात. भाईंदर पश्चिमेला आमची सोसायटी तेव्हा नवी होती, म्हणजे पाणी एक दिवसाआड आणि भांडणं रोज. मी सेक्रेटरी. आयुष्यभर एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी केल्यामुळे दारात नवीन बिऱ्हाड दिसलं की माझे डोळे आपोआप मोजणी सुरू करतात. माणसं तीन. ट्रंका दोन. बुद्धाची तसबीर एक, बाबासाहेबांची एक, पुस्तकांचं खोकं एक. आणि चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू, जी घरधन्याने हमालाला उचलू दिली नाही. ती क्यू, म्हणजे बिलियर्ड खेळायची काठी, होती हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मनात 'छत्री, एक' अशी नोंद केली होती.

घरधन्याचं नाव वाल्मिक खरात. मूळचे जालन्याकडचे, पंचवीस वर्षं मुंबईत. दक्षिणेकडच्या एका जुन्या जिमखान्यात मार्कर होते. मार्कर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की माझा चहा गोड लागत नाही. म्हणून पहिल्याच रविवारी गॅलरीत विचारून टाकलं.

"बिलियर्ड रूमला असतो," ते म्हणाले. "साहेब लोक खेळतात, मी स्कोअर सांगतो. बॉल जागेवर लावतो. टेबलाला ब्रश मारतो, इस्त्री करतो."

"टेबलाला इस्त्री?"

"हिरवं कापड असतंय ना. इस्त्री नसली तर बॉल वाट सोडतो."

"आणि तुम्ही खेळत नाही?"

"साहेबाला जोडीदार नसला तर उभं राहावं लागतं."

"मग जिंकता की हरता?"

ते हसले. आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात मी खरातांना मोकळं हसताना चारदा पाहिलं. ही त्यातली वेळ नव्हती.

उत्तर मला त्यांच्या बायकोने, वैजयंतावहिनींनी, दिलं. वहिनींच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तर माझ्या बायकोशी, सुचेताशी, त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. "ह्यांची नोकरी हरायची हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "साहेबाला हरवून कसं चालंल? ह्यांच्या आधीचा मार्कर एका जज्जाला हरवून बसला. दुसऱ्या दिवशी त्याला टेनिसच्या मैदानाला झाडू मारायला घातला. तवापासून ह्यांनी ठरवलं, शेवटच्या काळ्या बॉलपातूर नेऊन सोडायचं. साहेब घरी जाऊन बायकोला सांगतो, आज घासून जिंकलो."

म्हणजे कारागिरी होती ही. नुसतं हरणं सोपं, मीसुद्धा हरेन. पण बॉल भोकाच्या ओठाला लावून केसभर बाहेर ठेवायचा, कपाळावर हात मारायचा आणि समोरच्याला शंकाही येऊ द्यायची नाही, हे वर्षानुवर्षं रोज करायचं. या माणसाला खेळ किती येत असेल याचा अंदाज मला तिथल्या तिथे आला. जिमखान्यातल्या कोणालाही तो कधी आला नाही.

त्यांची मुलगी निशा तेव्हा तेरा वर्षांची होती. बिलियर्ड रूम सोमवारी साफसफाईसाठी बंद असायची, आणि सुट्टीतल्या सोमवारी खरात तिला बरोबर न्यायचे. सुट्टी नसली तर निशाचं पोट दुखायचं, आणि तेही नेमकं सोमवारीच दुखायचं. मागच्या जिन्याने आत जायचं, बापाने इस्त्री फिरवायची, लेकीने पुढे पुढे कापड हाताने झाडत जायचं. मग टेबल बरोबर झालं की नाही हे बघायला खेळून पाहावं लागतं. ते खेळून पाहणं म्हणजे निशाचा आठवडा.

संध्याकाळी ती जिन्यात मला गाठायची. "काका, आजपण जिंकले!"

"कितीने?"

"शेवटच्या काळ्यावर!"

मी कौतुक करायचो आणि सवयीने आकडा ध्यानात ठेवायचो. वर्षभरात एकतीस सोमवार झाले. एकतिसाव्या सोमवारी माझ्या जिभेला खाज सुटली. पोरीची थट्टा करावी एवढाच हेतू होता, शपथेवर सांगतो.

"निशे," मी म्हणालो, "एकतीस वेळा खेळलीस, एकतीस वेळा जिंकलीस, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या काळ्यावर. तू जिमखान्याची मेंबर झालीस की काय?"

ती हसली. दोन पायऱ्या चढली. मग थांबली. पाठमोरी होती म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. पण पुढच्या पायऱ्या ती चढली त्या मोठ्या माणसासारख्या, एकेक करून.

त्या संध्याकाळी आमच्या आणि त्यांच्या मधल्या भिंतीतून सगळं ऐकू आलं. भिंत बिल्डरने दिलेली होती, त्यात माझा दोष नाही.

"खरं सांगा बाबा, तुम्ही मला सोडता?"

"नाही गं माय."

"मग एकदा हरवून दाखवा."

"मी खराच खेळतो तुझ्यासंगं."

"साहेबांना पण हेच सांगता ना?"

मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. शेवटी पोरीचा, रडून जाड झालेला: "खरं खेळायचं असेल तेव्हा बोलवा. नायतर मी येणार नाय."

ती गेली नाही. पुढचे सोमवार खरात एकटेच इस्त्री करून आले. मला आपल्या जिभेचा राग आला, पण ती मागे घेता येत नाही. माल एकदा गेटबाहेर गेला की गेला.

मग मधली सहा-सात वर्षं क्यू चादरीतच राहिली. निशा बी.कॉम.ला गेली. मी रिटायर झालो. मीरा रोडला नुसत्या बिल्डिंगी उगवत होत्या, आणि चौऱ्याण्णव साली स्टेशनजवळ एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चंदन शाह नावाच्या तरुण गुजराथ्याने पूल पार्लर काढलं. तीन टेबलं, एक कूलर, काळ्या काचा. काळ्या काचा म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या समस्त पालकांनी ठराव केला की आत नक्कीच काहीतरी वाईट चाललं असणार, आणि सेक्रेटरीने जाऊन बघून यावं. मी वाईट बघायला मोठ्या उत्साहाने गेलो.

आत काउंटरवर निशा बसली होती.

"काका, बाबांना सांगू नका," ती म्हणाली.

"तू इथे काय करतेस?"

"सकाळी सात ते अकरा बसते. क्यू देते, बॉल लावते. सकाळी फारसं कोणी येत नाय ना, म्हणून..." ती टेबलाकडे बघून थांबली.

"म्हणून खेळतेस."

"हो."

चंदन मध्ये पडला. "काका, ये लडकी को देखो तो सही. हमारे यहां के सब हीरो लोग को रुला दिया है. मैं तो बोर्ड लगानेवाला हूं: निशा को हराओ, एक घंटा फ्री."

पूल म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकलो. टेबल लहान, भोकं सहा. एकाचे सात साधे बॉल, दुसऱ्याचे सात पट्ट्याचे. आपले सात आधी घालायचे आणि मग आठ नंबरचा काळा. जो काळा घालील त्याची फ्रेम, म्हणजे डाव. मी एका कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि पुढची चार वर्षं ती खुर्ची माझी झाली. सोसायटीला मी अहवाल दिला की आत मुलं भूमितीचा अभ्यास करतात.

चंदनने बोर्ड खरंच लावला. पहिल्या वर्षात तासभर फुकट खेळायला मिळालेले वीर मी मोजले: अकरा. त्यातले चार निशाला ताप होता तेव्हाचे. मग चंदनच तिला पुण्याच्या एका स्पर्धेला घेऊन गेला, सोबत वैजयंतावहिनी, खरातांना नातेवाइकांकडे जातो असं सांगून. मुलींच्या गटात सगळ्या मिळून नऊ जणी, त्यात आठ मोठ्या क्लबांच्या आणि एक आमची. आमची पहिली आली. पेपरात चौथ्या पानावर चार ओळी छापून आल्या, त्यात आडनाव चुकलं. खरातांना तेव्हा कळलं. त्यांनी चादर सोडवून जुनी क्यू तिच्या पलंगावर ठेवली आणि ड्यूटीला गेले.

तिथून ती धंदेवाईक खेळाडू झाली असं म्हणायला हरकत नाही. सकाळी चंदनकडे सराव, दुपारी शिकवणी, आणि महिन्या-दीड महिन्याने कुठेतरी गाडीत बसायचं: बंगलोर, गोवा, अहमदाबाद, इंदूर. हॉटेलवाले उद्घाटनाला बोलवायचे. काळी पँट, पांढरा शर्ट, केसांचा घट्ट अंबाडा. नातेवाइकांनी 'लग्नाचं काय' विचारून पाहिलं, वैजयंतावहिनी म्हणायच्या, "नवरा बघा तुम्ही, पण तो तिच्याशी खेळून हरल्यावर गप बसणारा बघा." स्थळं कमी झाली.

पण मला एक गोष्ट खटकायची. ती जिंकून यायची, मी पेढा मागायचो, ती द्यायची. चेहरा मात्र कोरा. हरून आली तर उलट ताजीतवानी असायची. कुठे चुकलं ते हात हलवून हलवून सांगायची. असा उलटा माणूस मी कारखान्यातही पाहिला नव्हता. आणि प्रत्येक स्पर्धेनंतर, पुढच्या रविवारी, गॅलरीत तेच:

"बाबा, एक फ्रेम?"

"आता मला काय जमतंय. मान दुखती."

किंवा: "टेबल कुठं रिकामं असतंय."

किंवा: "ती तुमची भोकं हायत का बादल्या? त्यात काय खेळायचं?"

ती हसायची. पण उत्तराची वाट बघताना तिचे दोन्ही हात गॅलरीच्या कठड्यावर घट्ट असायचे, हे मी बघितलेलं आहे.

शहाण्णव साली गंमतच झाली. खरातांच्याच जिमखान्यात स्पर्धा भरली. पूलची दोन टेबलं बाहेरून आणली, आणि बिलियर्ड रूममध्ये बायकांना पहिल्यांदा पुढच्या दाराने प्रवेश मिळाला. निशाच्या मॅचला मार्कर कोण? वाल्मिक खरात. पांढरा कोट, पितळी बटणं, हातमोजे. चंदनने मला गेस्ट म्हणून आत नेलं होतं. मला तिथल्या खुर्चीत बसायचीही भीती वाटत होती, इतकी ती गुळगुळीत.

"मिस खरात टू प्ले," असं बापाने लेकीला उद्देशून म्हटलं, आणि चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. तासभर तो तिचे बॉल भोकांतून काढत होता, लावत होता, तिचा स्कोअर सांगत होता. ती जिंकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाजवता येत नव्हत्या, हातात बॉल लावायचा लाकडी त्रिकोण होता.

मग एक पांढऱ्या मिशीचे मेंबर आले. "वाल्मिक, तेरी लडकी है? कमाल है. तूने सिखाया?"

निशा दोन हात अंतरावर उभी होती. क्यू खोलत होती, ते थांबलं. मी बघत होतो, ती श्वास धरून उत्तराची वाट बघत होती.

"नाही साहेब," खरात म्हणाले. "मला कुठं येतंय. ती आपली आपण शिकली."

त्यांना वाटलं, आपण लेकीचं कौतुक केलं. पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्याला मोठं करायचं म्हणजे आधी आपण लहान व्हायचं, हेच केलेल्या माणसाला दुसरी रीत सुचणार कुठून? परतताना चर्चगेटला आम्ही गाडीची वाट बघत होतो. निशा म्हणाली, "काका, ते मला येतंच नाय म्हणाले."

"स्वतःला येत नाही म्हणाले."

"एकच ना ते. त्यांच्याकडूनच तर शिकले मी."

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत खरात रिटायर झाले. सप्टेंबरात निशाला सिंगापूरच्या एका क्लबकडून पत्र आलं: एक वर्षाचा करार, क्लबमध्ये शिकवायचं आणि तिकडच्या स्पर्धा खेळायच्या. आमच्या बिल्डिंगमधून परदेशी जाणारी ती पहिली, त्यामुळे ज्यांनी पूल पार्लरविरुद्ध ठराव केला होता तेच तिला निरोपाचे नारळ घेऊन आले. जायच्या दोन दिवस आधी, दुपारी जेवणं झाल्यावर, ती बापासमोर उभी राहिली. या वेळी विचारलं नाही.

"बाबा, चला. चंदनने तीनपर्यंत पार्लर बंद ठेवलंय आपल्यासाठी."

खरातांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला घालत होतो.

"आणि आई पण येतेय," निशा म्हणाली.

"मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत वहिनींनी पर्स घेतली.

चंदनने मधल्या टेबलावरचा दिवा लावला, पाच चहा सांगितले. निशाने बॉल लावले आणि मारायचा पांढरा बॉल बापासमोर ठेवला. "ब्रेक तुमचा."

"पहिला ब्रेक मेंबरचा असतो."

"मी मेंबर नाय, बाबा."

त्यांनी ब्रेक केला, म्हणजे पांढऱ्याने बॉलचा जुळवलेला ढीग फोडला. साधे बॉल त्यांच्याकडे आले, पट्ट्याचे तिच्याकडे. आणि मग जे झालं त्याला मी हसावं की काय करावं मला कळेना.

खरात पहिला बॉल मारायला वाकले, मारला. बॉल भोकाच्या ओठाला लागला, थरथरला आणि आत पडला. "वाह काका!" चंदन ओरडला. खरातांच्या कपाळावर आठी आली. दुसरा मारला. तोही ओठाला लागला, आणि तोही आत. तिसरा तर आधी कडेला घासला, मग दुसऱ्या ओठाला, आणि म्हाताऱ्यासारखा अंग चोरत आत गेला.

"ह्याच्यात काहीही जातंय हो," खरात कुरकुरले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते चुकवत होते! आयुष्यभर ज्या ओठांवर त्यांनी बॉल केसभराने अडवला ते मोठ्या टेबलाचे ओठ अरुंद. इथे तोच केसभराचा हिशेब करून मारला की बॉल आतच जायचा. सरळ हरायची त्यांना सवय नव्हती आणि सफाईने हरायला हे टेबल त्यांना देत नव्हतं. चंदन टाळ्या वाजवत होता. निशा मात्र माझ्या आधी ओळखून बसली होती. ती आधी हसली आणि मग तिचं हसू उतरत गेलं.

चौथ्याला खरातांनी नाइलाजाने वीतभर लांब मारला. इतका लांब की वहिनीसुद्धा म्हणाल्या, "अहो, चष्मा घातलाय ना?"

"हुकला," खरातांनी कपाळावर हात मारला.

निशाने आपले चार बॉल घातले. पाचवा अवघड होता, तो राहिला. खरात पुन्हा वाकले. हात दगडासारखा स्थिर. पुन्हा वीतभर लांब.

"हुकला."

निशाने क्यू टेबलावर आडवी ठेवली. भर खेळात असं करत नाहीत. चंदनचा चहाचा ग्लास तसाच ओठाशी राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "मी आत्तापर्यंत तेहतीस स्पर्धा खेळले. पाच जिंकले. समोरची हरली की माझ्या मनात पहिलं काय येतं माहितीये? हिने सोडलं का? बंगलोरला फायनल जिंकले ना, सगळे फोटो काढतायत आणि मी तिचा शेवटचा शॉट आठवतेय. मुद्दाम चुकवला का? माझं काय जातंय म्हणून चुकवला का? तिला मी कोण, ती मला कशाला सोडेल? पण वाटतं. दर वेळी वाटतं. हे तुम्ही करून ठेवलंय."

खरात क्यूच्या टोकाकडे बघत होते.

"एकच फ्रेम मागतेय. जिंकवू नका मला. हरवाच असंही नाय म्हणत. चुकायचं म्हणून चुकू नका, बस."

"मला दुसरं येत नाही गं माय," ते अगदी हळू म्हणाले.

मग वैजयंतावहिनी बोलल्या. त्या चेष्टेत नव्हत्या. "येतंय. लग्नाच्या आधी मला सांगत होता न्हवं, की रिकाम्या रूममध्ये एकट्याने सगळं टेबल साफ केलं म्हणून? कोणी बघत नसताना येत होतं. आता पोरगी बघतीय तर तिला बघू द्या."

खरातांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. निशाने आपली क्यू उचलली. पाळी तिची होती. एक बॉल घातला, पुढचा राहिला. तिचे दोन उरले, त्यांचे चार.

आणि खरात वाकले. इतकं खाली वाकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जिमखान्यात नेहमी ते ताठ, टाचा जुळवून उभे असायचे. हनुवटी क्यूला टेकली. पहिला बॉल गेला तो ओठाला न शिवता, मधोमध. पांढरा जाऊन असा थांबला की दुसरा समोरच होता. दुसरा. तिसरा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, चंदन नकळत "नहीं जायेगा" म्हणाला, आणि तो गेला. चौथा तर त्यांनी बघून न बघितल्यासारखा घातला. चंदनने ग्लास खाली ठेवला. निशा भिंतीला टेकून उभी होती. ती बॉल बघतच नव्हती. बापाला बघत होती, आणि तिचा चेहरा तेरा वर्षांचा झाला होता.

उरला काळा. सरळ रेघेत, हातभर अंतरावर. मी घातला असता.

खरात वाकले. आणि त्यांचा हात कापायला लागला. मुद्दाम चुकवताना जो हात दगड होता, तो आता क्यूसकट हलत होता. ते उभे राहिले. पंचा मागितल्यासारखा हात पुढे केला, चंदनने रुमाल दिला, त्यांनी तळहात पुसला. पुन्हा वाकले. मारला. काळा भोकाच्या कडेला लागला, आतल्या आत दोन्हीकडे आपटला आणि, त्या बादलीतूनसुद्धा, बाहेर आला.

खरात वाकलेलेच राहिले, काळ्याकडे बघत.

"हा मारला होता," खरात म्हणाले. त्यांचा आवाज घाबरल्यासारखा होता. "निशा, हा मी खरा मारला होता."

"माहितीये, बाबा."

आता पाळी तिची. माझं सगळं लक्ष तिच्यावर. एक बॉल जरी तिने हुकवला असता तरी त्यांना काळा पुन्हा मिळाला असता, आणि बापाचा तो चेहरा बघून कोणाही मुलीने हुकवला असता. मी तर मनातल्या मनात तिला तसा सल्लाही देऊन टाकला. तिने माझा सल्ला घेतला नाही. पट्ट्याचा एक घातला. दुसरा घातला. मग काळ्याभोवती एक फेरी मारली, क्यूच्या टोकाला चॉक लावला, आणि काळा असा घातला की भोकाच्या तळाशी आपटल्याचा आवाज आला.

रोज हरताना खरातांच्या तोंडी एक वाक्य तयार असायचं, "वेल प्लेड, साहेब." ते वाक्य ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. पण ते आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं.

"आणखी एक लाव."

निशाने मान वर केली.

"लाव म्हणतो ना. मला तो काळा परत मारायचाय. मी घालतो तो."

पावणेतीन वाजले होते. एक फ्रेम सहज झाली असती. ती त्यांच्याजवळ आली, त्यांच्या हातातली क्यू घेतली, तिचं टोक पुसलं आणि परत त्यांच्याच हातात दिली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"आल्यावर, बाबा."

"आत्ता लाव की."

"आल्यावर."

ती का नाही खेळली, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझा अंदाज असा की पंचवीस वर्षांत बापाने तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते इतक्या लवकर संपवायचं तिच्या जिवावर आलं. अंदाज चुकीचाही असेल. दोन दिवसांनी ती गेली.

पुढच्या आठवड्यात खरात मला म्हणाले, "भाऊ, मीरा रोडला जाताय का?" तेव्हापासून आम्ही रोज जातो. मी माझ्या खुर्चीत, ते मधल्या टेबलाशी. काळा हातभर अंतरावर ठेवतात आणि मारतात. एकटे असले की दहातले दहा जातात. मग चंदनला किंवा एखाद्या कॉलेजच्या पोराला समोर उभं करतात, खरी फ्रेम लावतात, आणि काळ्यापाशी आले की हात कापतो. पोरं त्यांना 'अंकल, आरामसे' म्हणतात. मार्चपर्यंत दहातले चार जायला लागले. जूनपर्यंत सहा.

फोन आमच्याकडे आहे, म्हणून दर रविवारी सकाळी साडेआठला ती आमच्या नंबरवर करते. आधी वहिनी बोलतात: जेवण, सर्दी, ताप, तिथला तांदूळ. मग खरात रिसीव्हर घेतात आणि सुरू होतं. "काल आठ गेले. खांदा उचलतो मी शेवटाला, हे खरंय तुझं." तिकडून ती काहीतरी सांगते आणि हे उभ्या उभ्या हवेत हात पुढे-मागे करतात. सुचेता चहा आणून ठेवते, तो तसाच निवतो. तिकडे ती दोन स्पर्धा जिंकली, एकीत दुसरी आली. आता जिंकल्यावर तिचा आवाज जिंकल्यासारखा येतो. फोन माझ्या घरात आहे, मला ऐकू येतो.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ती बराच वेळ वहिनींशी बोलली. वहिनींनी दोनदा 'बरं' म्हटलं आणि रिसीव्हर नवऱ्याकडे दिला. क्लबने करार दोन वर्षांनी वाढवला होता.

"चांगलं झालं," खरात म्हणाले. "लई चांगलं झालं." मग रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "म्हंजी मध्ये येणं नाही?"

तिकडून ती स्पर्धांच्या तारखा सांगायला लागली. खरात बोटांवर महिने मोजायला लागले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "खेळ सोडून यायचं नाही. नाही, नाही, माझी मान बरी हाय. दोन वर्षांत काय होतंय मला." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, जणू आम्ही तिघं खोलीत नव्हतोच: "तू ढिली पडू नको. मी तुला सोडणार नाही सांगून ठेवतो."

रिसीव्हर ठेवला तरी त्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"चंदन रविवारी किती वाजता उघडतो?" त्यांनी मला विचारलं.

"अकराला."

घड्याळात नऊला दहा कमी होते. त्यांनी दारात जाऊन चपला घातल्या.